वर्धेपलीकडची पणजी

माझ्या आईची आजी वर्धा नदीच्या पलीकडची होती. तिच्याबद्दल आमच्या घरात एवढं एकच वाक्य उरलं आहे. तिचं खरं नाव कोणाला आठवत नाही. गावात तिला ‘कैरीन’ म्हणत, एवढं आई सांगायची. बहुधा कैरीची आवड असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. हे एक वाक्य आणि ही एक हाक घेऊन मी माजरीला गेलो. वर्ध्याहून बल्लारशाकडे जाताना वरोरा मागे पडलं की माजरी जंक्शन लागतं, आणि इथूनच एक फाटा नदी ओलांडून वणीकडे वळतो. पणजी लग्न होऊन ज्या बाजूनं आली, त्या बाजूला आज कोळशाच्या मालगाड्या जातात.

माजरीत मामाच्या शेजारी एक आबाजी राहतात. वय ऐंशीच्या घरात, खाणीतून निवृत्त, गोंड घराण्यातले. त्यांची नात वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुटीत घरी आली की शेजारपाजारच्या लोकांच्या जात पडताळणीच्या फायली लावून देते, आणि या वेळी तिची स्वतःचीच फाईल अडलेली होती. ओसरीवर तिघे बसलो. मी आलो कशासाठी ते सांगितलं, तेव्हा दोघांनी एकाच वेळी मला एकेक प्रश्न विचारला.

नात म्हणाली, “काका, तुमच्याकडे कागद कोणता आहे?”

आबाजी म्हणाले, “पित्तरात जेवाले कोनाकोनाचं नाव घेता?”

पुढचे तीन तास या दोन प्रश्नांचं भांडण चाललं. मी बहुतेक ऐकत होतो. जे ऐकलं ते इथं लिहितो आहे, कारण आपल्या पूर्वजांचा माग काढणाऱ्या प्रत्येकाला या दोन प्रश्नांपैकी एकापासून सुरुवात करावी लागते आणि आपण सहसा चुकीच्या टोकाकडून करतो.

“पहिली गोष्ट,” नात म्हणाली, “जुनं काही शोधायचं तर भद्रावतीच्या नावानं शोधू नका. हा तालुका नंतरचा. आजचा चंद्रपूर हा चांदा जिल्हा होता तेव्हा माजरीचा मुलूख वरोरा तहसिलीत होता. गडचिरोली तर २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला. त्याच्या आधीचं तिकडचं सगळं चांद्याचंच. लोक आजच्या तालुक्याचं नाव लिहून अर्ज देतात आणि ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा घेऊन घरी येतात. नोंद असते. अर्ज चुकीच्या गठ्ठ्यावर गेलेला असतो.”

मग तिनं मला कागदांचा इतिहास सांगितला, तोंडपाठ. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले आणि त्यानंतर नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८६१ ला मध्य प्रांत झाला. जमिनीचा मालक कोण, हे ठरवायला बंदोबस्त सुरू झाला आणि चांद्याचा बंदोबस्त मेजर लुसी स्मिथनं केला. त्याचा अहवाल १८६९ चा. गावचा सारा भरणारा जो मालगुजार, त्यालाच गावाची मालकी मिळाली. ही पद्धत ३१ मार्च १९५१ ला संपली. त्यानंतर जो अधिकार अभिलेख तयार झाला तो १९५४-५५ चा. आज नागपूर विभागात शेताचा जुना वाद निघाला की वकील आधी तोच मागतात.

“म्हणजे बघा,” ती म्हणाली, “गाव कोणी वसवलं, कोणाकडे होतं, कोणतं कूळ कोणत्या खसऱ्यावर होतं, हे सगळं लिहिलेलं आहे. वाजिब-उल-अर्जमध्ये गावाचे रीतिरिवाजसुद्धा आहेत. सरपण कुठून आणायचं, गुरं कुठं चारायची, तलावाचं पाणी कोणाला किती. इतकं लिहून ठेवलेला मुलूख दुसरा दाखवा.”

आबाजींनी पानाची चंची उघडली. “त्यात माह्या आजाचं नाव हाय का?”

“तुमचे आजोबा सालदार होते, आबाजी. सालदाराच्या नावानं खसरा नसतो.”

“मंग गाव वसवलं कोनं? कागदावाल्यानं का कुऱ्हाडीवाल्यानं? मालगुजार आला तवा शेतं तयार होते. जंगल तोडलं त्याचं नाव कोनी लिवलं, सांग मले.”

नात गप्प झाली नाही, पण उत्तरही तिच्याकडे नव्हतं. मला तिथं जवळच्या भांदकचा ताम्रपट आठवला. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा, इसवी सन ७७२ चा. दान देणाऱ्या राजाची पिढ्यान्‌पिढ्यांची नामावळी त्यात कोरलेली आहे. त्या वेळी शेतात जे राबत होते, त्यांच्या बापाचं नाव तांब्यावर यायचं काही कारण नव्हतं. अकराशे वर्षांनी मालगुजारी दप्तरात यापेक्षा बरीच माणसं आली हे खरं. पण दप्तरात यायचं तर जमीन लागत होती, हा नियम तोच राहिला.

नातीनं फाईल उघडली. “म्हणून तर मी कोतवाल बुकावर आले.”

विदर्भात हा शब्द घरोघर माहीत आहे. जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, महसुली भाषेत गाव नमुना १४. गावचा कोतवाल घरोघरची खबर ठेवायचा, कोणाकडे पोर झालं, कोण गेलं, आणि ती खबर ठाण्यावर जाऊन द्यायचा. तो बहुधा महार किंवा गोंड, बहुधा निरक्षर. वही भरायला दुसरा कोणीतरी लिहिता माणूस. तिच्या फायलीत एका पानाची छायाप्रत होती. मी ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली. डाव्या कडेला वाळवीनं कुरतडलेली रेघ छापीलसारखी काळी उमटली होती. अनुक्रम, तारीख, गाव, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. पुढं मृत्यूंचे रकाने, त्यात वय आणि कारण. कारणाच्या रकान्यात ओळीनं ‘ताप’, ‘ताप’, ‘हगवण’, ‘ताप’. आडनाव एकालाही नाही. जन्मलेल्या मुलाचं नावही नाही, कारण खबर दिली तेव्हा बारसं व्हायचं होतं आणि झाल्यावर ते कळवायला परत कोण जाणार! काही ओळी बाळबोधीत, काही मोडीत. लिहिणारा बदलला की लिपी बदललेली.

मला विचाराल तर या प्रांतातला सगळ्यांत मोलाचा कागद हाच आहे. ताम्रपटाला दानाची गरज होती, बंदोबस्ताला जमिनीची. कोतवालाच्या वहीत यायला फक्त जन्मावं लागत होतं किंवा मरावं लागत होतं. गावातला सगळ्यांत कमी पगाराचा नोकर, पण त्याच्या वहीत मालगुजाराचं पोर आणि सालदाराचं पोर एकाखाली एक आहे.

“अनुसूचित जमातीसाठी तारीख ६ सप्टेंबर १९५०,” नात सांगत होती. “अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त आणि भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधीचा, जातीचा उल्लेख असलेला कागद असला की फाईल उभी राहते. नाहीतर समितीपुढं तुम्ही कितीही देव सांगा, लग्नातल्या रीती सांगा. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगून टाकलं आहे की चालीरीतींची चाचणी ही काही अंतिम कसोटी नाही. संविधानाआधीच्या कागदाचं वजन सगळ्यांत जास्त.”

“अन् आपल्या घरचा तसा कागद?”

“तोच तर नाही. तुमच्या वडलांचा जन्म मिळत नाही. शाळेत ते गेले नाहीत, म्हणजे दाखल-खारीजमध्येही नाहीत. तुमच्या आजोबांचं नाव सोमा, पण त्या गावात एकाच काळात गोंडांचे तीन सोमा आहेत. सोमवारी जन्मला तो सोमा, बुधवारी जन्मला तो बुधा. यावरून माणूस कसा ओळखायचा? एका सोमाची दोन तान्ही मुलं गेल्याच्या नोंदी आहेत, पण मुलांना नावंच नाहीत. त्यांचा काही उपयोग नाही. मी बाजूला ठेवल्या.”

आबाजींच्या हातातलं पान तसंच राहिलं. “दोन पोरं? लागोपाठ?”

“हो. दीड वर्षाच्या अंतरानं.”

“बाई, माह्या बापाचं नाव काय होतं?”

“कवडू.”

“मंग?”

ती त्यांच्याकडे नुसती पाहत राहिली. मलाही क्षणभर लागला. आमच्याकडे पोरं जगत नसली की नंतर झालेलं मूल उकिरड्यावर ठेवल्यासारखं करून उचलतात, त्याचं नाव उकंडा. शेजारणीला देऊन कवडी मोजून परत विकत घेतात, त्याचं नाव कवडू. यमाला वाटावं की हे यांचं नव्हेच. म्हणजे ज्या घरात कवडू आहे, त्या घरात त्याच्याआधी कोणीतरी गेलेलं असतं.

“दोघं गेले मनून तिसऱ्याले कवडी देल्ली,” आबाजी म्हणाले. “माही आजी सांगे. तू त्याईलेच बाजूले ठेवलं काय?”

तिनं फायलीतून त्या दोन प्रती परत वर काढल्या. मग बाकीच्या दोन सोमांची पानं शेजारी ठेवून एकेक ओळ तपासली. त्यांच्याकडे अशी लागोपाठ दोन पोरं गेलेली नव्हती. एवढ्यानं फाईल मंजूर होत नाही, हे तीच म्हणाली. समितीला साखळीतली प्रत्येक कडी कागदावर लागते. पण दोन बिननावाची पोरं, जातीच्या रकान्यात ‘गोंड’ आणि बापाचं नाव सोमा असलेली, त्या संध्याकाळी तिच्या वंशावळीच्या तक्त्यात बसली. पडताळणीच्या अर्जात वंशावळीचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यातल्या सोमाच्या खाली तिनं पेन्सिलीनं दोन रेघा ओढल्या आणि तिसरी कवडूची.

मला वाटलं होतं आता वाद मिटला. तो मिटला नाही, आणि बरं झालं.

आबाजी जोरात आले होते. “गावाचंही नाव वाच,” ते म्हणाले. “माणसाच्या नावासारखंच हाय ते.” मग त्यांनी बोटावर मोजत नावं घेतली. ज्याच्या शेवटी ‘तुकूम’ ते गाव तलावाच्या पायी. गोंड राजा हीरशहाबद्दल परंपरा सांगते की जंगल तोडून गाव वसवील त्याला सनद आणि तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन त्यानं दिली. चंद्रपूर शहरातही तुकूम आहे. ‘चक’ म्हणजे मोकळी जमीन तोडून दिलेला तुकडा. ‘मोकासा’ म्हणजे चाकरीबद्दल दिलेलं गाव. ‘हेटी’ आणि ‘टोला’ म्हणजे मूळ गावातून फुटून निघालेली घरं. भद्रावतीजवळ बरांज मोकासा आहे आणि बरांज तांडाही आहे; नाव एक, पण एक वस्ती इनामाची आणि दुसरी बंजाऱ्यांच्या तळाची. आणि ‘रिठी’ म्हणजे उठून गेलेलं गाव. नकाशात, दप्तरात ते असतं, पण तिथं दिवा लागत नाही.

“रिठी कायनं होते? पटकीनं, दुष्काळानं. छप्पनच्या सालात किती गावं रिठी झाले,” आबाजी म्हणाले. हे छप्पन शकातलं नव्हे, इसवीतलंही नव्हे. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ. पाहिलेली माणसं कधीच गेली, सालाचं नाव मात्र तोंडात राहिलं. “अन् आता रिठी व्हाले दुष्काळ नाई लागत. कोयसा लागते.”

यावर नात थोडी मऊ झाली. आबाजींचं जुनं गाव आज नाही. त्याच्या जागी खाणीच्या वरच्या मातीचा ढिगारा आहे, ज्याला इथं सगळे ओबी म्हणतात. मातामायचं ठाणं पुनर्वसनात नव्या गावी नेलं. देवांचा पेनठाणा, पूर्वजांचे दगड, विहीर ज्यानं खणली त्याच्या नावाची विहीर, हे हललं नाही.

“तुम्ही म्हणता ते कायद्यानंही मानलं आहे, आबाजी,” ती म्हणाली. “वनहक्काचा २००६ चा कायदा. आदिवासी नसलेल्यांना तिथं १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंच्याहत्तर वर्षं राहत असल्याचं दाखवावं लागतं. १९३० च्या आधीचं! सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडच्या कोणा शेतमजुराकडे १९३० चा कागद असणार आहे? म्हणून नियम १३ मध्ये पुरावा म्हणून काय चालतं ते लिहिलं आहे. वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब चालतो. विहीर, दफनभूमी, देवाची जागा चालते. जुन्या दप्तरातल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ चालते. धानोऱ्याकडच्या लेखा-मेंढ्याला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागं गावानं बसून आपलं जंगल, आपल्या सीमा सांगितल्या हेच होतं.”

“मंग मी दुपारपासून काय सांगून राह्यलो?”

“जबाब लिहून घेतलेला असला पाहिजे, आबाजी. लिहिलेला! म्हातारा गेला की जबाब जातो.”

“अन् कागद वाळवी खाते.”

दोघांचंही खरं आहे. गडचिरोलीच्या माडिया गावांत गायत्याचा मान ज्यानं गाव पहिल्यांदा वसवलं त्याच्या घराण्यात राहतो. कोणी कधी लिहिलेलं नाही, पण पूजेला पुढं कोण होतो यावरून पहिला वसणारा कोण ते गावाला दर वर्षी कळतं. गोंडांच्या देवांच्या आणि कुळांच्या कथा परधान गाऊन सांगत. यजमानाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं येणं असे. कोल्हापूर-सांगलीकडे वंशावळ सांगणारे हेळवी येतात, नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आहेत. पण परधानाला देणारे हात थांबले की गाणं थांबतं. तीर्थोपाध्यायाकडे नाव यायला तीर्थाला जाण्याइतका पैसा लागतो. सालदार त्र्यंबकेश्वरला कधी गेला?

माजरीचे आणखीही पहिले वसणारे आहेत आणि त्यांचा विचार कोणी वंशावळीच्या अंगानं करत नाही. खाणकामगार. वरोऱ्याला सरकारी कोळसाखाण गेल्याच्या मागच्या शतकात निघाली आणि १९०६ मध्ये बंद झाली. पण कोळसा तिथंच होता. मग आजूबाजूला एकामागून एक खाणी झाल्या आणि छत्तीसगडचे, तेलंगणाचे, बिहारचे लोक आले. १९७३ ला खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ ला वेस्टर्न कोलफिल्ड्स झाली. आज माजरी कॉलरीत तिसरी पिढी आहे आणि तिला आजोबांचं गाव विचारलं तर ‘बिलासपूरकडे कुठंतरी’ असं उत्तर येतं.

“त्यांचं सापडतं,” नात म्हणाली. “खाण अधिनियम १९५२. त्याखाली प्रत्येक खाणीला कामगारांचं रजिस्टर ठेवावं लागे, फॉर्म बी. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, मूळ गाव, ठाणं, जिल्हा. शिवाय भविष्यनिर्वाह निधीच्या कागदात वारसांची नावं.”

“वय नको सांगू,” आबाजी म्हणाले. “माहं वय तोंड पाहून लिवलं होतं. पन गावाचं नाव बराबर हाय. ते मी सांगतलं होतं.”

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. रजिस्टरमध्ये जे साहेबानं ठरवलं ते अंदाजे, आणि कामगारानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं ते बरोबर. मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत १८३४ पासून नेलेल्या गिरमिटिया मजुरांची रजिस्टरं आहेत. त्यातही नाव, बापाचं नाव, गाव, परगणा, अंगावरची खूण. माणूस पळाला तर ओळखू यावा म्हणून ती लिहिली होती. आज तिथली माणसं तीच रजिस्टरं घेऊन कोकणातलं, बिहारमधलं गाव शोधत येतात. मजुराला बांधून ठेवायला लिहिलेला कागद नातवंडांना घरी परत आणतो. फॉर्म बीची जुनी रजिस्टरं खाण बंद झाली की रद्दीत जाऊ नयेत, असं मी इथं अगदी तळमळीनं लिहितो.

अंधार पडला. नातीची आई चहा घेऊन आली आणि तिनं सहज विचारलं, “मग काकांच्या पणजीबाईचं काय झालं?”

काहीच झालं नव्हतं. नातीनं कोतवाल बुकाची ती प्रत पुन्हा माझ्यापुढं ठेवली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “यात बायका नसतात, काका. जन्माला बापाचं नाव. मृत्यूला नवऱ्याचं. बाई मरते तेव्हा अमक्याची बायको म्हणून मरते. माहेर कुठंच नाही.” मग जरा थांबून, “आणि तुमची पणजी नदीपलीकडची. तिकडचं दप्तरच वेगळं. हा काठ नागपूरकर भोसल्यांचा, तो काठ निजामाचा. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे आलं. इकडं मालगुजारी, तिकडं रयतवारी. १९०३ पर्यंत दोन्ही काठ एका प्रांतातसुद्धा नव्हते. यवतमाळ जिल्ह्याचं नावच १९०५ पर्यंत वणी जिल्हा होतं.”

मी हिशेब केला. माणसं या नदीवरून पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी करत आली. पुरुष आपल्या काठावर राहिला आणि त्या काठाच्या कागदात राहिला. नदी ओलांडली ती प्रत्येक पिढीतल्या मुलीनं. एका दप्तरातून ती निघाली आणि दुसऱ्या दप्तरात नाव नसताना शिरली. पहिले वसणारे म्हणून आपण कुऱ्हाडीवाल्याचं नाव घेतो, पण गाव वसतं ते या नदी ओलांडून आलेल्या बायांमुळे. तिचा कागद इकडंही नाही, तिकडंही नाही.

“गावात त्याईले हाक कोन्ती मारत?” आबाजींनी विचारलं.

“कैरीन,” मी म्हणालो. “कैरीची आवड असेल.”

“कैरी नोहे बाप्पा!” ते चंची ठेवून सरळ बसले. “सुनेले नावानं कोन हाक मारे? तिच्या गावानं मारत. राजूरची ते राजूरवाली, वरोऱ्याची ते वरोरकरीन. कायरची असन ते! कायरीन. वनीच्या पुढं कायर नाई का?”

वणी तालुक्यात कायर आहे. मी स्वतः त्या नावाची पाटी पाहिलेली आहे. पन्नास वर्षं आम्ही पणजीच्या माहेरचा पत्ता हाकेत घेऊन फिरत होतो आणि त्याला कैरी समजत होतो.

नात लगेच म्हणाली, “हे अनुमान आहे, काका. हाकेवरून वंशावळ सिद्ध होत नाही.” आणि त्याच दमात तिनं कोऱ्या कागदावर माझा अर्ज लिहायला घेतला: तालुका वणी, मौजा कायर, १९२० पूर्वीच्या जन्ममृत्यूच्या नोंदी पाहण्यास मिळाव्यात. आबाजींनी तिला आणखी एक कागद घ्यायला लावला आणि स्वतःच्या आईचं, आजीचं, सासूचं माहेर सांगितलं. तिनं गावांची नावं लिहिली, खाली तारीख टाकली, त्यांचा अंगठा नव्हे तर सही घेतली. वडीलधाऱ्याचा जबाब, लिहून घेतलेला.

कोळशाच्या पट्ट्यात अजून पुष्कळ गावं भूसंपादनाच्या वाटेवर आहेत. १९५७ च्या कायद्याप्रमाणे संपादनाची अधिसूचना निघाली की हरकत घ्यायला तीस दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत लोक सातबारा काढतात, वारसाचे दाखले काढतात, आणि ते काढावेच लागतात. पण अधिसूचनेची वाट न पाहता गावानं एक वही करावी: कोणत्या विहिरीला कोणाचं नाव, कोणता दगड कोणाचा, कोतवाल बुकाच्या नकला, आणि प्रत्येक घरातली सून कोणत्या गावाहून आली. तुमच्या घरात एखादी म्हातारी बाई अजून असेल, तर तिला तिच्या सासूला गाव कोणत्या हाकेनं ओळखायचं ते आजच विचारा आणि लिहून ठेवा. हाक ऐकू आली तशीच लिहा; अर्थ लावायची घाई करू नका.